सहवासची सरासरी

सांगलीत विश्रामबागेच्या पुढे, जिथे पूर्वी द्राक्षांच्या पेट्या बनवण्याचा कारखाना होता, तिथे 'सहवास' नावाची चार मजली इमारत उभी आहे. तळमजल्यावर लिफ्टशेजारी एक पाटी आहे आणि पाटीवर लाल दिव्यांचा एक आकडा. नवखा पाहुणा हमखास फसतो. लिफ्ट कितव्या मजल्यावर आहे ते बघायला जातो, अठ्ठावन्न वाचतो आणि मुकाट्याने जिना धरतो.

तो आकडा मजल्याचा नाही, माणसांचा आहे. सहवासमधले म्हातारे एकमेकांच्या सोबतीत किती सुखाने राहतात, त्याची ती सरासरी. आणि सहवासचे सेक्रेटरी अच्युतराव सबनीस रोज सकाळी फिरून आले की पाटीसमोर उभे राहून ती वाचत. देवघरासमोर माणूस उभा राहतो तसे. फक्त चप्पल काढत नसत.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी आकडा होता ५८.२.

"साठ व्हायला पाहिजे," सबनीस स्वतःशीच म्हणाले.

"व्हईल की सायेब," जिना पुसता पुसता हौसाबाई माळी म्हणाल्या. जिना पुसणं हे त्यांचं काम नव्हतं. त्याही रहिवासीच होत्या, तळमजल्यावरच्या सवलतीच्या खोलीत राहायच्या. पण बत्तीस वर्षं शाळेत पोरांची खिचडी शिजवल्यावर हाताला नुसतं बसणं जमेना.

"आपोआप होत नाही हो, हौसाबाई. करावं लागतं."

"मग करा की. तुमीच करताय सगळं."

त्यात टोमणा नव्हता. हौसाबाईंना टोमणा मारता येत नसे, ही त्यांच्याबद्दलची एकमेव तक्रार होती.

*

ही सगळी भानगड एका पट्टीपासून सुरू झाली.

माणूस फार दिवस एकटा राहिला की त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं वागणं बदलतं, हे डॉक्टरांना पुष्कळ वर्षांपासून ठाऊक होतं. शरीराचे आडाखे अजून रानात राहत होतो तेव्हाचेच आहेत. कळपात असाल तर धोका विषाणूचा, कारण विषाणू शेजाऱ्याकडून येतो. कळपाबाहेर पडलात तर धोका जखमेचा, कारण लांडगा एकट्यालाच गाठतो. म्हणून एकट्या माणसाचं शरीर विषाणूंवरचा पहारा ढिला करतं आणि उद्या होणाऱ्या जखमेसाठी सूज आणणारी रसायनं तयार ठेवतं. लांडगा काही येत नाही. विश्रामबागेत तर शक्यच नाही. सूज मात्र राहते, आणि मग ती हृदय, सांधे, मेंदू यांपैकी जे हाती लागेल ते कुरतडत बसते.

नवीन होती ती पट्टी. नखाएवढी, दंडावर चिकटवायची. तिच्या केसाहून बारीक सुया कातडीखालच्या पाण्यातून या पेशींची चाहूल घेत आणि शून्य ते शंभरमधला एक अंक काढत. त्याला कुणीतरी 'सोबतांक' म्हटलं आणि तेच रूढ झालं. गर्दीत उभं राहून सोबतांक वाढत नाही, हसून वाढत नाही, 'मी अगदी मजेत आहे' असं म्हणून तर मुळीच वाढत नाही. पेशींना बोलता येत नाही, त्यामुळे त्या खोटंही बोलत नाहीत.

विमा कंपन्यांनी ही पट्टी पाहिली आणि त्यांना म्हाताऱ्यांचा कळवळा आला. एकटा म्हातारा दवाखान्यात दुप्पट वेळा जातो. त्याला सोबत मिळाली तर केवढी बचत. मग त्या बचतीतूनच म्हाताऱ्यांची घरं का बांधू नयेत? एरवी सत्तरीच्या माणसाला वीस वर्षांचं गृहकर्ज द्यायला कुठलीच बँक धजत नाही. हप्ते उरतात आणि माणूस उरत नाही. इथे तो प्रश्नच नव्हता. जागा महापालिकेची, पैसा 'सोबत-रोख्यां'चा, रहिवाशांनी फक्त थोडी अनामत आणि परवडेल असं मासिक शुल्क भरायचं. एकच अट. दर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात इमारतीची सरासरी साठ किंवा त्याहून वर पाहिजे. खाली गेली तर रोख्यांचं व्याज वाढणार, आणि पहिला घाव सवलतीच्या खोल्यांवर पडणार.

सांगलीत ही योजना सगळ्यात आधी कुणाला समजली असेल तर ती सबनीसांना. एका पतसंस्थेत त्यांनी आयुष्य काढलं होतं, शेवटची बारा वर्षं मॅनेजर म्हणून. त्यांनीच स्वतःसकट बावीस माणसं जमवली, त्यांनीच महापालिकेत खेटे घातले, नियमावलीही त्यांचीच. पट्टी आवारात असेल तरच तिचा अंक नोंदला जाईल, हा नियम त्यांचा. प्रत्येकाचा अंक फक्त त्याला स्वतःलाच, त्याच्या फोनवर दिसेल, हाही त्यांचाच. माणसाची अब्रू राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

स्वतःचा अंक मात्र त्यांनी एकदाही उघडून पाहिला नव्हता. सभागृहातल्या साऱ्या खुर्च्यांच्या कुलपाची किल्ली ज्याच्या खिशात, त्याला बसायला जागा आहे का हे कशाला तपासायचं?

*

"एक माणूस आपल्याला खाली ओढतोय," समितीच्या बैठकीत सबनीस म्हणाले. "मी नाव घेणार नाही."

"मगदूम," खजिनदार सुलभाताई परचुरे लगेच म्हणाल्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. सिदगोंडा मगदूम चौथ्या मजल्यावर राहायचे, शहात्तरीचे. मिरजेच्या जनावरांच्या बाजारात जन्मभर दलाली केलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. भजनाला यायचे नाहीत, कोजागरीला आले तर दूध घेऊन गच्चीच्या कोपऱ्यात जायचे. दिवसभर त्या गच्चीतच एका खुर्चीवर बसून दूरच्या रस्त्याकडे बघत.

"मी त्यांना सरळ विचारलं होतं," सबनीस म्हणाले. "मगदूम, तुमचा अंक किती? तर म्हणाले, एकाहत्तर."

"खोटं," सुलभाताई म्हणाल्या. "दलाल माणूस. खरा भाव पहिल्यांदा सांगेल का?"

हे सगळ्यांनाच पटलं. मग सबनीसांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. मगदूमांना एकटं पडू द्यायचं नाही. त्यांच्याकडे रोज संध्याकाळी पाच ते सहा कुणीतरी जाऊन बसायचं. पाळ्या त्यांनी लावून आणल्या होत्या. सोमवारी सुलभाताई, मंगळवारी हौसाबाई, असं करत गुरुवार स्वतःकडे. गणपतीत आरतीच्या पाळ्या लावतात, त्याच हाताने आणि त्याच श्रद्धेने त्यांनी सोबतीच्या पाळ्या लावल्या.

"न आवडलं तर?" कुणीतरी विचारलं.

"आवडण्याचा प्रश्न नाही. आपल्याला हौसाबाईंची खोली वाचवायची आहे."

हौसाबाई दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यात आधी सबनीसांच्या खुर्चीपुढे कप धरला. खुर्ची रिकामी होती. सबनीस उभेच होते. बैठकीत ते नेहमी उभेच असत. बसलं की मुद्दे सुटतात, असा त्यांचा अनुभव होता. चहा त्यांना मागाहून मिळाला, गार.

*

सोबतीची पाळी मगदूमांनी विजेचं भारनियमन सोसावं तशी सोसली. पाच वाजले की खुर्ची मांडत. सहा वाजले की आलेल्या माणसाला म्हणत, "झाली तुमची ड्युटी. निघा आता."

गुरुवारी सबनीस गेले. गच्चीत ऊन उतरत आलं होतं. हवापाणी झालं, गुडघे झाले, महापालिका झाली. उरलेला अर्धा तास समोर आडवा पडला होता.

"रस्त्याकडे काय बघता हो रोज?" सबनीसांनी विचारलं.

"ट्रक. जनावरं घेऊन बाजाराला जातात. कुठली म्हैस किती दुधाची, वरनं सांगतो मी."

"कुणाला?"

"मलाच. दुसरं कोण आहे?" मगदूम हसले. "साहेब, तुम्हाला वाटतं मी इथं रडत बसलोय. बाजारात चाळीस वर्षं माणसांच्या गराड्यात उभा होतो मी. आता जरा गप्प बसू द्या की."

सबनीसांना यातला एक शब्द पटला नाही. पण अजून पंचवीस मिनिटं होती. म्हणून त्यांनी विचारलं, "बाजारात तुम्ही म्हणे रुमालाखाली सौदा करायचात. खरं का?"

मगदूमांचे डोळे जरा उजळले. त्यांनी खांद्यावरचा मोठा रुमाल काढला. "हात द्या."

"माझा?"

"मग काय सुलभाताईंचा?"

सबनीसांनी उजवा हात पुढे केला. मगदूमांनी त्यावर रुमाल टाकला आणि आपला हात खालून घातला. जाड, खरखरीत, गरम हात. "तोंडानं भाव बोलायचा नाही. चार लोक ऐकतात. हे एक बोट धरलं म्हणजे एक. ही दोन. सगळा पंजा म्हणजे पाच. शेकडा का हजार, ते जनावर बघून कळतं. तुम्ही मागताय, मी देतोय. पटलं नाही तर बोट दुमडून सोडायचं. पटलं तर असं दाबायचं." त्यांनी सबनीसांचा हात दाबला. "झाला सौदा. मग हात सोडायचा."

मगदूमांनी आपला हात सोडला.

सबनीसांचा हात तिथेच राहिला. रुमालाखाली मगदूमांचं मनगट धरून. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, ते समोर रस्त्याकडे बघत म्हणत होते, "पद्धत चांगली आहे. गोपनीयता राहते."

मगदूमांनी रुमाल तसाच ठेवला. त्यांनी मनगट ओढून घेतलं नाही. एक ट्रक गेला, दुसरा गेला. मग सबनीस एकदम दचकले, हात मागे घेतला आणि घड्याळ बघितलं. सहा वाजून गेले होते.

"झाली ड्युटी," ते म्हणाले.

"बसा की अजून," मगदूम म्हणाले. हे त्यांनी आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं. पण सबनीसांना सभागृहातल्या खुर्च्या मोजायच्या होत्या.

*

महिनाभर पाळ्या चालल्या. आकडा हलला नाही.

तेव्हा सबनीसांनी शास्त्रीय मार्ग धरला. मगदूमांना म्हणाले, "चार दिवस शिरोळला बहिणीकडे जाऊन या. हवापालट होईल." मनात असं, की हा माणूस आवाराबाहेर पडला की सरासरी उसळी घेईल, आणि मग समितीपुढे पुरावा ठेवता येईल. पुरावा मिळाल्यावर काय करायचं, हे ठरलं नव्हतं. पतसंस्थेतही थकबाकीदार सापडेपर्यंतचं काम त्यांना फार छान जमत असे.

मगदूम गेले. सबनीस पाटीसमोर जाऊन उभे राहिले. आकडा ५८.२ वरून ५७.६ झाला.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. एकाहत्तरवाला माणूस वजा केला की असाच खाली येतो आकडा. साधं गणित होतं. म्हणजे दलालाने पहिल्याच फटक्यात खरा भाव सांगितला होता.

मग कोण? सुलभाताई? जोशी पतीपत्नी, ज्यांचं भांडण तिसऱ्या मजल्यावरून पोस्टापर्यंत ऐकू येतं? ते कसे असतील, भांडायला तरी माणूस होतं त्यांना. सबनीसांनी झोप उडेपर्यंत विचार केला. बावीसपैकी एकवीस नावं त्यांनी मनातल्या मनात तपासली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, मगदूम परत आल्यावर, सबनीसांना पुण्याला जावं लागलं. रोखेधारकांच्या प्रतिनिधींची बैठक होती. तिथे वातानुकूलित खोलीत एका तरुणीने पडद्यावर राज्यातल्या सगळ्या इमारतींचे आलेख दाखवले. लातूरची एक इमारत बासष्टवर होती, अकोल्याची एकोणसाठवर रखडलेली.

"आणि सांगली," ती म्हणाली, "छान आहे. साठ पूर्णांक एक."

"नाही, नाही," सबनीस म्हणाले. "अठ्ठावन्न."

"कालपर्यंत अठ्ठावन्न, सर. आज सकाळपासून साठच्या वर आहे." तिने हसून विचारलं, "आज काही विशेष केलं का तुम्ही?"

सबनीसांनी आठवून बघितलं. आज सकाळी त्यांनी विशेष असं एकच केलं होतं. पहाटेच्या गाडीने पुण्याला आले होते.

बैठकीत पुढे काय झालं ते त्यांनी लिहून घेतलं, पण नंतर ते अक्षर त्यांना वाचता आलं नाही. परतीच्या बसमध्ये साताऱ्याच्या पुढे त्यांनी फोन काढला. 'माझा सोबतांक' असं लिहिलेलं एक हिरवं बटण होतं. ते त्यांनीच हिरवं ठेवायला सांगितलं होतं, लोकांना भीती वाटू नये म्हणून. त्यांनी ते दाबलं.

काल रात्रीचा शेवटचा नोंदलेला अंक: १९.

त्यांना आधी राग आला. यंत्रात चूक असणार. सगळ्या इमारतीत सगळ्यात जास्त माणसांत वावरणारा माणूस कोण, तर ते. मग त्यांनी कालचा दिवस आठवला. कितीजणांशी बोललो? सगळ्यांशी. काय बोललो? खुर्च्या, गॅस सिलिंडर, पाण्याची मोटर. माझ्या घरी कोण आलं? सही घ्यायला दोघं. आत कोण बसलं?

घरात दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत होती, बसणाऱ्याच्या मांडीइतकी उंच.

*

नलिनीताई, म्हणजे सबनीसांच्या सौभाग्यवती, सहा वर्षांपूर्वी सुनेच्या बाळंतपणासाठी तीन महिने बंगळूरला गेल्या होत्या. भांडण वगैरे काही नव्हतं. तीन महिन्यांनंतर बाळाला दात येत होते, मग ते चालायला लागलं, मग शाळा. सहवासमधली जागा दोघांच्या नावावर घेतली होती. त्यांनी ती फोनवर बघितली होती आणि ओटा जरा बुटका आहे असं म्हटलं होतं. रोज संध्याकाळी फोन येई. जेवलात का, औषध घेतलंत का, बरं ठेवते.

त्या संध्याकाळी सबनीसांनी फोन ठेवू दिला नाही.

"मी म्हणत होतो, मार्चच्या शेवटी आठवडाभर येऊ का तिकडे?"

"आता?" पलीकडे नातवाचा आरडाओरडा चालला होता. "अहो, त्याची परीक्षा आहे. आणि खालच्या खोलीत मुलं सांभाळणारी बाई राहते आता, सांगितलं होतं ना मी? मे महिन्यात या की. निवांत."

"मे महिन्यात येतोच."

"काही झालंय का?"

"छे. मजेत आहे."

"बरं. ठेवते हां."

सबनीस थोडा वेळ फोन कानाला धरून बसले. मार्चचा शेवटचा आठवडा तोंडावर आला होता. साठ गाठली नाही तर हौसाबाईंना खोली सोडून पुतण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जावं लागणार होतं. आणि साठ गाठायला आठवड्याभरात एकोणीसचा एकोणसाठ करणं कुठल्याही पेशीला जमणार नव्हतं. त्यांनी गणित पुन्हा पुन्हा मांडलं. शेवटी प्रश्न अगदी सोपा निघाला. त्यांच्यासारख्या माणसाला इतका वेळ लागायला नको होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की सुनेचा फार आग्रह आहे, म्हणून आठवडाभर बंगळूरला जाऊन येतो.

"जावा, जावा," सगळे म्हणाले. "फार दिवसांनी जाताय."

हौसाबाईंनी धपाटी करून दिली, तिळाची चटणी दिली, आणि नातवासाठी वेगळी, कमी तिखटाच्या धपाट्यांची एक पुडी. "पोराला म्हणावं, सांगलीच्या आजीनं दिलीत."

मगदूम रिक्षापर्यंत पिशवी घेऊन आले. रिक्षा सुरू झाल्यावर म्हणाले, "बंगळूरची गाडी मिरजेहून ना?"

"हो."

"बरं आहे. मिरज ओळखीची आहे आपल्या," मगदूम म्हणाले.

*

मिरज स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये पहिल्या मजल्यावरची खोली मिळाली. एक पलंग, एक खुर्ची, एक पंखा, आणि भिंतीवर धबधब्याचं चित्र. इथल्या दवाखान्यांत पेशंट घेऊन येणारे लोक या लॉजमध्ये उतरतात. मालकाने विचारलं, "पेशंट कुठाय?" सबनीस म्हणाले, "ठीक आहे आता." यात खोटं काही नव्हतं, त्याक्षणी सहवासची पाटी ६०.१ दाखवत होती.

इमारतीची सरासरी फोनवर कुठूनही बघता यायची. सबनीस दर तासाला बघत. सकाळी साठ पूर्णांक एक, दुपारी साठ पूर्णांक एक, रात्री साठ पूर्णांक दोन. त्यांनी केलेलं सगळ्यात यशस्वी काम होतं हे. खुर्च्या मांडून, पाळ्या लावून, कोजागरी करून जे वर्षभरात झालं नाही, ते त्यांनी नुसतं उठून निघून जाऊन केलं होतं. हे कुणाला सांगावं, असं त्यांना एकदा वाटलं. मग सांगण्यासारखी माणसं त्यांनी मनात आणली, आणि फोन पुन्हा खिशात टाकला.

स्वतःच्या अंकाचं हिरवं बटण त्यांनी एकदा दाबून बघितलं. 'आवाराबाहेर. नोंद नाही.' नियमाप्रमाणे बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सुलभाताईंचा फोन आला. सबनीसांनी घाईने उचलला.

"खुर्च्यांची किल्ली कुठंय हो?"

"माझ्याकडेच आहे. खिशात. राहिली."

"अगं बाई. बरं, बघतो आम्ही." फोन बंद झाला.

चौथ्या दिवशी हौसाबाईंचा आला. त्यांना फोनमध्ये ओरडून बोलायची सवय होती. "पोराला आवडली का धपाटी?"

सबनीसांच्या मांडीवर कागद उघडा होता. कमी तिखटाचं शेवटचं धपाटं त्यांच्या हातातच होतं.

"फार आवडली," ते म्हणाले. "अजून मागतोय."

"आवाज का असा बसलाय तुमचा?"

"तिखट लागलं जरा."

"त्यात कुठं तिखट हाय?" हौसाबाईंनी विचारलं. मग त्यांनाच वाटलं असावं, की बंगळूरच्या जेवणातलं तिखट वेगळं असेल, कारण त्या म्हणाल्या, "जपा बरं. आकडा साठवर हाय, सायेब. तुमी नसताना झाला बगा. तुमी असता तर किती बरं वाटलं असतं तुमास्नी."

*

सहाव्या दिवशी संध्याकाळी दारावर थाप पडली. सबनीसांना वाटलं चहा आला. दारात मगदूम उभे होते, खांद्यावर रुमाल, हातात केळ्यांची फणी. दवाखान्यात माणूस भेटायला येतो तसे.

"बंगळूर लहान निघालं," खोलीभर नजर फिरवत मगदूम म्हणाले.

"कसं कळलं तुम्हाला?"

"समोर चहाची गाडी आहे ना, ती आमच्या बाजारातल्या एका हेड्याच्या, म्हणजे दलालाच्या पोराची. एक म्हातारा रोज येतो, साखर कमी सांगतो आणि ग्लास मोजून ठेवतो म्हणाला. म्हटलं, हे आपलंच जनावर."

मगदूम खुर्चीत बसले, सबनीस पलंगावर. खिडकीखालून गाडीची उद्घोषणा आली आणि गेली.

"तुम्हाला माहीत होतं?" सबनीसांनी विचारलं.

"पहिल्या गुरुवारीच. हात धरला तेव्हा. जनावर भुकेलं आहे का, हे हाताला कळतं. सांगून काय करणार? तुम्ही माझ्याच पाळ्या लावत होता."

सबनीसांनी पलंगावरची चादर सारखी केली. मग हळूच म्हणाले, "उद्या-परवा मोजणी संपेल. हौसाबाईंची खोली राहील. पण पुढच्या मार्चला पुन्हा तेच. मी जागा सोडावी म्हणतो. इथंच कुठेतरी बघीन. तुम्ही सगळे छान आहात तिथं. आकड्याने सिद्धच झालंय."

"खुर्च्यांचं कुलूप फोडलं काल," मगदूम म्हणाले. "आता कुणीपण कुठंपण बसतंय."

"असू दे. बरंय."

मगदूमांनी खांद्यावरचा रुमाल काढला. झटकला. "हात द्या."

"कशाला?"

"सौदा करू. किती दिवसांनी येताय, ते सांगा. तोंडानं नको. चार लोक ऐकतात."

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तरीही सबनीसांनी हात पुढे केला. रुमालाखाली तोच जाड, गरम हात आला. सबनीसांनी मगदूमांचा अख्खा पंजा धरला: पाच. दिवस, महिने की वर्षं, हे त्यांनी सांगितलं नाही. मगदूमांनी विचारलंही नाही. त्यांनी बोटं दुमडून सोडून दिली आणि सबनीसांचं एकच बोट धरलं. सबनीसांनी चार केले. मगदूम एकावरच. तीन. मगदूमांनी तेच बोट जरा ओढलं, अडून बसलेल्या बैलाची वेसण ओढावी तसं.

"येऊन करू काय?" सबनीस म्हणाले. आवाज बराच खाली गेला होता. "आकडा पडेल."

"बोलायचं नाही," मगदूम म्हणाले.

सबनीसांनी दोन बोटं धरली. मगदूमांनी थोडा विचार केला, आणि हात दाबला.

झाला सौदा. आता हात सोडायचा असतो, एवढं बाजाराबाहेरच्या माणसालाही एव्हाना ठाऊक होतं. खाली रस्त्यावर जनावरांचा एक ट्रक सिग्नलला थांबला. मगदूमांनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाले, "डावीकडची. दहा लिटरची." सबनीसांनीही बघितलं. त्यांना सगळ्या म्हशी सारख्याच दिसल्या. ट्रक निघून गेला, रस्त्यावरचे दिवे लागले, रुमाल तसाच दोघांच्या मनगटांवर पडून राहिला.

सबनीसांच्या दंडावरची पट्टी आपलं काम करत असणार. पण ती आवाराबाहेर होती. त्यामुळे त्या संध्याकाळी तिला जे काही आढळलं असेल, ते नियमाप्रमाणे कुठल्याच सरासरीत धरलं गेलं नाही.